नानांचा चौथा प्रश्न

वजन कमी करायचं औषध हवं असलेला माणूस मेडिकलमध्ये आला की ते औषध आधी मागत नाही. तो डोकेदुखीची गोळी मागतो. मग खोकल्याच्या औषधाचा भाव विचारतो. दुकानातली बाकीची माणसं जाईपर्यंत काचेतल्या साबणांकडे बघत उभा राहतो, आणि सगळे गेले की हळूच म्हणतो, "ते एक... जाहिरातीत दाखवतात ती पावडर आहे का?"

हे मला नानांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. "गुप्तरोगाचं औषध माणूस एवढं लाजून मागत नाही," ते म्हणायचे. "लोकांना वाटतं जाडपणा हा गुन्हा आहे. आपण पोलीस नाही, एवढं त्याला कळलं पाहिजे."

नानांचं मेडिकल जळगावात, पिंप्राळ्यात होतं. मी पिंपळनेरजवळच्या एका खेड्यातली. धुळ्याला फार्मसी शिकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे जे पुस्तकात लिहिलंय ते खरं आणि जे मोठी माणसं सांगतील तेही खरं, अशी माझी समजूत होती. नोकरीसाठी नानांसमोर उभी राहिले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "एक बाई आली. म्हणते, वजन उतरायची गोळी द्या. काय करशील?" मी घडाघडा सांगितलं. चिठ्ठीशिवाय काय देता येतं, कशाला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, कुठलं औषध कुठल्या वर्गात. नाना डोळे मिटून ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "पुस्तक बरोबर आहे. पण बाई कुठे गेली?"

मला कळलं नाही. तरी त्यांनी मला ठेवून घेतलं.

नाना स्वतः चांगलेच जाड होते. हे आधीच सांगायला हवं, कारण पिंप्राळ्यात ते सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे ते बोलून दाखवायचे. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या मोडल्यावर त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी खुर्ची करून घेतली होती. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, तोंडात बडीशेप. हृदयाची झडप फार वर्षांपूर्वी बदललेली. त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज संध्याकाळी पाच वाजता, दुकानात, पाण्याच्या तांब्यासह. गिऱ्हाईक कितीही घाईचं असो, पाच वाजता नाना म्हणायचे, "थांबा, आधी मशिनला तेल," आणि गोळी घ्यायचे. महिन्याला एकदा रक्त तपासून यायचे. ती गोळी कमी झाली तर झडपेवर गाठ धरते, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. "मी दोरीवर चालतो गं," ते हसून म्हणत, "एवढा मोठा माणूस, एवढी बारीक दोरी."

त्यांच्या काही सवयी मी अजून पाळते. दोनच गोळ्या मागितल्या तरी औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख गिऱ्हाइकाकडे जाईल अशीच पट्टी कापायची. ज्याला वाचता येत नाही त्याच्या पुडीवर सूर्य नाहीतर चंद्र काढायचा. नानांच्या सूर्याला नेहमी सातच किरणं असायची.

आणि दाराशी तो लोखंडी वजनकाटा. औषध चिठ्ठीचं असो की बिनचिठ्ठीचं, वजनासाठी मागितलं की नाना आधी माणसाला काट्यावर उभं करायचे, पण तबकडीकडे पाठ करून, तोंड रस्त्याकडे. माणूस मान वळवायला लागला की ओरडायचे, "तिकडे बघ, रस्त्यावर! आकडा माले पाहाना शे, तुले नही." मग ते स्वतः खुर्चीतून उठून आकडा बघायचे. त्यांना उठायला वेळ लागायचा. पण त्या आकड्यासाठी मला त्यांनी कधी पाठवलं नाही.

त्यानंतर प्रश्न. साखर, बीपी, थायरॉईड काही आहे का? दुसरं कुठलं औषध चालू आहे? बाई असेल तर, दिवस गेले आहेत का? हे तीन प्रश्न मलाही येत होते. चौथा फक्त नानांचा होता. तो विचारताना ते कितीही शुद्ध बोलत असले तरी अहिराणीत यायचे.

"आता सांग. तुले कोन काय बोलनं?"

म्हणजे, तुला कोण काय बोललं? त्यांचं म्हणणं असं की वजनाच्या प्रत्येक औषधामागे कुणाचं तरी एक वाक्य असतं. ते वाक्य कळल्याशिवाय औषध दिलं तर ते पोटात जातं, पण दुखतं तिथे जात नाही. मी बघितलंय, तीन प्रश्नांना फटाफट उत्तरं देणारी माणसं या प्रश्नाला थांबायची. काही हसायची. काही "कोणी नाही" म्हणून निघून जायची आणि चार दिवसांनी परत येऊन सांगायची.

बापूराव नावाचे एक केळीवाले शेतकरी होते. पंचावन्नच्या आसपासचे, मोठ्या पोटाचे, मोठ्या आवाजाचे. त्यांच्या भाच्याने परदेशातून त्यांना एक बाटली आणून दिली होती. ती बाटली घेऊन ते विजयी मुद्रेने दुकानात आले.

"नाना, तुम्ही माले चिठ्ठी मांगतस. तठे ह्या गोळ्या किराणासारख्या फळीवर भेटतस! चिठ्ठी नही, डाक्टर नही."

नानांनी चष्मा लावून बाटली वाचली. ऑर्लिस्टॅट. खाल्लेल्या तेलातुपातला काही भाग ही गोळी अंगी लागू देत नाही, तसाच खाली सोडून देते. नानांनी आमच्या कपाटातली पट्टी काढून बाटलीशेजारी ठेवली. "औषध तेच. तिथली ताकद निम्मी, म्हणून फळीवर ठेवतात. इथे मिळते ती दुप्पट, म्हणून चिठ्ठी. पण बापूराव, फळीवरची झाली म्हणून ती शेंगदाणे होत नाही. जेवणात तेल कमीच पाहिजे, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"नाहीतर पांढरा पायजमा घालू नका."

बापूराव खो खो हसले आणि गेले. थंडीचे दिवस होते, म्हणजे भरीत पार्ट्यांचे. त्यांनी सरळ हिशेब केला, की तेल अंगी लागणारच नसेल तर खायला भीती कशाची? आपल्याच मळ्यात त्यांनी पार्टी ठेवली. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, वर बोट बुडेल एवढं तेल, पुऱ्या. बापूरावांनी आधी गोळी घेतली आणि मग दोन माणसांचं भरीत खाल्लं. पुढे काय झालं ते मी लिहीत नाही. एवढंच, की पाहुण्यांसमोर ते जे खाटेवर बसले ते सगळे जाईपर्यंत उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते रागाने आले आणि बाटली काउंटरवर आपटली. "नाना, हाई काय औषध शे?"

"औषध बरोबर आहे, भरीतही बरोबर आहे," नाना म्हणाले. "दोघांची सोयरीक चुकली."

मी मागे वळून हसले. पण नाना हसत नव्हते. ते म्हणाले, "बापूराव, त्या दिवशी तुम्ही काट्यावर न चढताच हसत गेलात. माझा एक प्रश्न राहिला. तुमले कोन काय बोलनं?"

एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस काउंटरवर वाकला. मग काचेवर बोट फिरवत म्हणाला, "पोरगा. म्हणे, आबा, तुम्ही आता केळीत येऊ नका. बांधावर बसा."

नानांनी त्यांना बाकड्यावर बसवलं, चहा मागवला. औषधाचं एक अक्षर त्या दिवशी निघालं नाही. जाताना बापूराव म्हणाले, "बाटली तुमलेच राहू द्या." नानांनी ती आपल्या खणात टाकली.

ती बाटली मला नंतर फार आठवली.

दुसरी गोष्ट एका मुलीची. तिचं लग्न ठरलं होतं. ती मोबाइलमध्ये मावसबहिणीच्या चिठ्ठीचा फोटो घेऊन आली. आठवड्याला एक सुई घ्यायची, भूकच मरते, ते नवं इंजेक्शन. नानांनी नेहमीप्रमाणे काट्यावर चढवलं, चार प्रश्न विचारले. चौथ्याला ती म्हणाली, होणाऱ्या सासूबाई साखरपुड्याचे फोटो बघून म्हणाल्या, "फोटोग्राफरला मागे सरकायला सांगा." नानांनी तिला समजावलं, की ही चिठ्ठी तुझ्या बहिणीला तपासून लिहिलेली आहे. तिची साखर वेगळी, तुझं शरीर वेगळं. पावडरीचं एक बरं असतं, तिच्यात बहुतेक वेळा काहीच नसतं. या सुईत खरंच औषध आहे, म्हणून ती दुसऱ्याच्या नावावर चालत नाही. "चिठ्ठी म्हणजे परवानगीचा कागद नाही बेटा. कोणीतरी तुला नीट बघितलंय, याचा तो पुरावा आहे. तुला अजून कोणी बघितलेलंच नाही."

मुलगी मान हलवून गेली आणि सुई दुसरीकडून मिळवली. हळदीच्या दिवशी तिला उलट्या थांबेनात, मांडवातून सलाईन लावायला न्यावं लागलं. ती बरी झाली, लग्नही झालं. दुकानात ही बातमी कळली तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही तर सांगितलं होतं, नाना." मला वाटलं त्यांना बरं वाटेल.

त्यांनी बडीशेपची डबी बाजूला सारली. मग म्हणाले, "मी नाही म्हणालो आणि खुर्चीत बसलो. डॉक्टरचं दार चौकात आहे, तिला घेऊन गेलो असतो तर? नुसतं नाही म्हणणं हे अर्धं काम आहे सुरेखा. उरलेलं अर्धं आपण करत नाही."

त्यानंतर ते खरोखर अशा माणसांना घेऊन चौकातल्या डॉक्टरांकडे चालत जायला लागले. दुकान माझ्यावर सोडून. त्यांना चालताना धाप लागायची, आणि रिक्षावाले ओरडायचे, "नाना, पेशंट कोण आहे?"

असल्या टोमण्यांवर नाना हसायचे. पावडर न मिळालेली गिऱ्हाइकं तर तोंडावर म्हणायची, "आधी तुम्ही घ्या, मग आम्हाला शिकवा." नाना म्हणायचे, "मी नमुना आहे. औषध नाही घेतलं तर काय होतं ते बघून घ्या." मीही हसायचे. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून मला एकदाही सुचलं नाही, की चौथा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला तो प्रश्न कोण विचारतं?

त्या हिवाळ्यानंतर नाना थोडे उतरले. शर्ट खांद्यावर सैल पडला. मी म्हटलं, "नाना, बारीक झालात!" ते लहान मुलासारखे खूष झाले. "चालतो ना आता, डॉक्टरकडे जाऊन येऊन."

मग एके दुपारी अक्कांचा, म्हणजे नानांच्या पत्नीचा, फोन आला. नाना बँकेत गेले होते. अक्का म्हणाल्या, "सुरेखा बाई, त्या चरबीच्या गोळ्या राहतात ना, त्याचं एक पाकीट शेजारणीच्या हाती दे. ती तिकडेच आली आहे."

अक्काही अंगाने भरलेल्या होत्या. मला वाटलं, त्यांच्यासाठीच. चिठ्ठी नव्हती. पण मालकाच्या घरून फोन आल्यावर चिठ्ठी कोण मागतं? आणि अक्कांना मी काय विचारणार होते? कोणासाठी? साखर आहे का? दुसरं औषध चालू आहे का? कोण काय बोललं? आमच्याकडे मोठ्या बाईला असं विचारणं म्हणजे तिच्या ताटात डोकावण्यासारखं. ज्यांच्या घरचं मी सणावाराला जेवत होते, ज्यांनी मला पहिल्या पगाराच्या दिवशी साडी नेसवली होती, त्यांना मी गिऱ्हाईक कसं करू? मी कपाट उघडलं, पूर्ण ताकदीचं पाकीट काढलं, पिशवीत घातलं आणि शेजारणीच्या हातात दिलं. पुढच्या महिन्यात तसंच आणखी एक.

मध्ये एकदा नानांच्या मनगटावर मोठा निळा डाग दिसला. मी विचारलं. "शटर लागलं," ते म्हणाले. नानांचं रक्त पातळ, डाग पडायचेच. मी मान हलवली. फार्मसीचा कागद भिंतीवर काचेत लावलेली मी, मान हलवली आणि पुढचं गिऱ्हाईक बघितलं.

नानांची मुलगी धुळ्याला दिलेली होती. तिची मुलगी, नानांची नात, दुसरीत. तिच्या शाळेत आजी-आजोबांचा कार्यक्रम होता. नाना आणि अक्का सकाळच्या एसटीने धुळ्याला गेले. नानांनी नवा शर्ट घेतला होता, नेहमीपेक्षा एक माप कमी. बसस्टँडवर जाण्याआधी दुकानात येऊन मला दाखवून गेले.

कार्यक्रमात नात कविता म्हणणार होती. तिच्या आधीच्या मुलाचं चालू असताना नानांच्या नाकातून रक्त आलं. त्यांनी रुमाल धरला. थांबेना. अक्का म्हणाल्या उठा, तर त्यांनी हातानेच गप्प बसवलं. नातीचा नंबर आला, तिने कविता म्हटली, नानांनी एका हाताने रुमाल धरून दुसरा हात मांडीवर आपटून टाळी दिली. मग ते उभे राहिले आणि तिथेच खाली बसले.

मी दुपारी धुळ्याला दवाखान्यात पोचले. आतूनही रक्त जात होतं. डॉक्टर तरुण होते, चिडलेले होते. अक्कांच्या पिशवीतून निघालेली पट्टी हातात धरून ते म्हणाले, "रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर ही? तेलात विरघळणारी जीवनसत्त्वंही ही गोळी शरीरात कमी जाऊ देते. रक्त गोठायला त्यातलंच एक लागतं. कोणी दिली ही? चिठ्ठी कुठे आहे?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. अक्का माझ्याकडे बघत होत्या. या दोन गोळ्या एकत्र चालत नाहीत हे त्यांना माहीत नव्हतं, त्या फक्त घाबरल्या होत्या.

नानांनी डोळे उघडले. "मी घेतली," ते म्हणाले. "दुकान माझं. मीच घेतली."

"तुम्ही स्वतः फार्मासिस्ट आहात ना?" डॉक्टर म्हणाले.

"हो," नाना म्हणाले. "म्हणून तर."

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं, "पाकीट मी दिलं, आणि विचारलं नाही." ते मी बोलले नाही. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

बाहेर व्हरांड्यात अक्कांनी मला सांगितलं. हिवाळ्यातच शाळेचं पत्र आलं, तेव्हा नात फोनवर म्हणाली होती, "आजी एकटी आली तरी चालेल." वाईट काही बोलली नव्हती पोरगी. पण फोन स्पीकरवर होता. नाना त्या दिवशी जेवताना म्हणाले, पोरी हसत असतील तिला. दुसऱ्या दिवशी खणातून ती बापूरावांची बाटली घरी आणली.

नाना वाचले, पण दुकानात परत आले नाहीत. ताकद गेली. मुलीने त्यांना धुळ्यालाच ठेवून घेतलं. दुकान मी चालवायला लागले. दर आठवड्याला म्हणायचे, या रविवारी धुळ्याला जाऊन येते. कितीतरी रविवार गेले.

शेवटी मी गेले तेव्हा नाना ओट्यावर प्लास्टिकच्या साध्या खुर्चीत बसले होते. ती खुर्ची त्यांना पुरत होती. मी शेजारी पायरीवर बसले आणि आणलेली केळी हातातच धरून सगळं सांगितलं. फोन, दोन पाकिटं, न विचारलेले प्रश्न.

नाना म्हणाले, "माहीत आहे. फोन करायला मीच लावला होता. बाटली निम्म्या ताकदीची होती, दोनदा रक्त तपासलं, ठीक होतं, म्हणून पुढे तपासलंच नाही. मग बाटली संपली. कपाटातून मी घेतली असती तर तू बघितलं असतंस, तू मला काट्यावर चढवलं असतंस. म्हणून अक्काला पुढे केलं." ते थांबले. श्वास घेऊन म्हणाले, "तरी दोन दिवस घाबरलो होतो. वाटलं, सुरेखा अक्काला विचारेल. ती विचारणारच, मी शिकवलंय तिला. तू विचारलं नाहीस. मग वाटलं, सुटलो."

मला रडू आलं. ते बघून त्यांनी विषय बदलला. काट्याला तेल देते का, सूर्याला किती किरणं काढते, बापूराव कसे आहेत. बापूराव केळीत जायला लागले, हे ऐकून त्यांना बरं वाटलं. मग ते एकदम वाकून म्हणाले, "तुले कोन काय बोलनं?"

"कोणीच काही बोललं नाही, नाना," मी म्हटलं. "अक्का नाहीत, डॉक्टर नाहीत, तुम्ही नाही. कोणीच नाही."

नानांनी मान हलवली. मोठ्या दुखण्याचं गिऱ्हाईक ओळखल्यावर ते तशी हलवायचे.

त्या पावसाळ्यात नाना गेले. आता मी सगळ्यांना चारही प्रश्न विचारते. अक्कांनाही विचारते. परवा त्यांनी गुडघ्याची गोळी मागितली तर मी सगळं विचारलं. त्या रागावल्या नाहीत, काउंटरला टेकून सगळं सांगत बसल्या. एवढंच होतं ते. त्या फोनच्या वेळीही एवढंच लागलं असतं.

त्या रविवारी मी धुळ्याहून निघाले तेव्हा नात आतून घरातला चपटा वजनकाटा घेऊन आली. डॉक्टरांनी नानांचं वजन रोज लिहून ठेवायला सांगितलं होतं, आणि ते काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. "आजोबा, उभे राहा." नाना खुर्चीचा हात धरून उठले आणि काट्यावर चढले. मी रिक्षात बसून मागे वळले. ते खाली बघत नव्हते. हात बाजूला सोडून, वर्गात उभ्या केलेल्या मुलासारखे ताठ, तोंड रस्त्याकडे, माझ्याकडे. नात त्यांच्या पायाशी वाकून आकडा वाचत होती. रिक्षा सुरू झाली होती, मला काही ऐकू आलं नाही.